पानावरच्या केसातलं औषध

बसा रे पोरांनो, त्या बाजेवर नीट बसा, आणि आंब्याचा चीक लागलेले हात डोळ्यांना लावू नका. मघाशी धाकटीने जे विचारलं ना, तिथूनच गोष्ट सुरू करू. आंबे उतरवणाऱ्या चाचांनी मानेला मलम चोळलं, हिलाही बोटभर दिलं, आणि ही ओरडली, "आजोबा, हे गार कसं? डबी तर उन्हात पडली होती!"

फार छान प्रश्न आहे. लखनऊजवळचं हे मलिहाबाद जूनमध्ये म्हणजे 42-43 अंश. डबी तापलेली, मलम तापलेलं, चाचांची मानही तापलेली. तरी गारवा आला. तो कुठून आला, हे सांगायला मला आधी तुम्हाला चाचांच्या मानेत न्यावं लागेल, मग बाराबंकीच्या शेतात, आणि नंतर थेट चीनमध्ये.

आधी मान. लग्गी बघितलीत ना, तो लांब बांबू, टोकाला जाळी आणि पातं? कोकणात आपल्याकडे झेला असतो, तसंच ते. दशहरी देठासकट काढावा लागतो, कारण देठ मोडला की चीक ओघळतो आणि सालीवर काळा डाग पडतो. डाग पडला की मंडीत भाव पडतो. म्हणून हे लोक सकाळपासून मान वर करून, दोन्ही हात खांद्याच्या वर धरून, एकेक फळ नेमकं देठाशी कापतात. माणसाचं डोकं चांगलं साडेचार-पाच किलोचं असतं. ते मागे कलतं ठेवायचं तर मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना सतत आवळून राहावं लागतं. आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त कमी पोचतं, टाकाऊ द्रव्यं साचतात, आणि तिथल्या बारीक मज्जातंतूंची टोकं चाळवतात. ती मेंदूला बातमी पाठवतात, "इथे काही तरी बिघडतंय." ही बातमी म्हणजेच दुखणं.

बातमी म्हटलं ते लक्षात ठेवा. कारण जगातल्या सगळ्या आज्यांनी, हकिमांनी, वैद्यांनी आणि चिनी वैद्यांनी दुखण्यावर जे उपाय शोधले, त्यातले पुष्कळसे मूळ बिघाडापेक्षा या बातमीवर काम करतात. हे कळायला माणसाला विसावं शतक उजाडावं लागलं, पण उपाय मात्र फार आधीपासून चालू होते.

आता बाराबंकी. लखनऊच्या पूर्वेला लागून असलेला जिल्हा. मे-जूनमध्ये त्या रस्त्याने गेलात तर गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत वास येतो. शेतात चुलाणावर लोखंडी टाक्या चढवलेल्या असतात, त्यात कापलेला पुदिना वाफवत असतो. आपल्या चटणीतला नव्हे, त्याचा भाऊ. शेतकरी त्याला मेंथा म्हणतात, कुणी पिपरमिंट म्हणतं. शास्त्रीय नाव मेंथा आर्वेन्सिस. वाफेबरोबर तेल उडतं, थंड पाण्यातून जाणाऱ्या नळीत त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि वर तेलाचा थर तरंगतो. एका हेक्टरातून साधारण शंभर ते दीडशे किलो तेल निघतं. ते थंड केलं की त्यात काचेच्या काड्यांसारखे स्फटिक धरतात. ते मेंथॉल. जगभरात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक मेंथॉलचा फार मोठा भाग आपल्या देशातून जातो, आणि त्यातला बराचसा याच पट्ट्यातून. इथल्या सीमॅपने, म्हणजे केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने, त्याची जास्त तेल देणारी वाणं काढली. 'कोसी' हे त्यातलं शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेलं नाव. एक दुःखही सांगून ठेवतो. हे पीक भर उन्हाळ्यात पाणी फार पितं, आणि ते पाणी जमिनीखालून उपसलेलं असतं. सुगंधाची ही किंमत विसरू नये.

पण मेंथॉल झाडात असतं कुठे? तुम्हाला भिंग दिलं तर दाखवेन. पानाची खालची बाजू बघायची. तिथे सोनेरी, चकाकणारे ठिपके दिसतात, दंवाचे अतिसूक्ष्म थेंबच जणू. ती ग्रंथी असते, पानावरच्या केसाचंच एक बदललेलं रूप. आठ पेशी गोल बसलेल्या असतात, त्या तेल तयार करतात आणि वरच्या मेणचट पापुद्र्याखाली साठवतात. स्वतःच्या आत का ठेवत नाहीत? कारण ते तेल झाडाच्या पेशींनाही मानवत नाही. अळीने पान कुरतडलं की पापुद्रा फुटतो आणि तिच्या तोंडात ते तिखटजाळ रसायन जातं. म्हणजे पुदिन्याने हे आपल्या मानेसाठी केलेलंच नाही. त्याने ते स्वतःचा जीव वाचवायला केलं.

मग ते आपल्याला गार का लागतं? आपल्या कातडीखालच्या मज्जातंतूंच्या टोकांवर काही प्रथिनं असतात. त्यातलं एक प्रथिन तापमान साधारण 25-26 अंशांच्या खाली गेलं की उघडतं. त्यातून कॅल्शियम-सोडियमचे कण आत शिरतात आणि मेंदूकडे निरोप जातो, "गार!" मेंथॉलचा रेणू नेमका त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि थंडी नसतानाही ते उघडून देतो. मेंदूला बिचाऱ्याला तोच निरोप मिळतो. थर्मामीटर लावून बघा, कातडीचं तापमान मेंथॉलमुळे उतरलेलं नसतं. 2002 साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांच्या प्रयोगशाळांनी वेगवेगळं काम करून हे प्रथिन शोधलं. त्याआधी 1997 मध्ये ज्युलियस यांच्या गटाने मिरचीचं प्रथिन शोधलं होतं. ते 43 अंशांच्या वर उघडतं, आणि मिरचीतलं कॅप्सेसिनही त्याला उघडतं. म्हणून ठेचा जिभेवर 'भाजतो'. या सगळ्या कामासाठी 2021 चं नोबेल त्या दोघांना मिळालं.

आता मोठा विचारेल, गार लागलं म्हणून दुखणं कमी का व्हावं? गारव्याचा निरोप मज्जारज्जूत पोचतो तेव्हा तिथे दुखण्याच्या निरोपाला दाबणाऱ्या पेशी जाग्या होतात. ज्या उंदरांमध्ये ते गारव्याचं प्रथिनच नसतं, त्यांना मेंथॉलने दुखण्यात आराम पडत नाही. म्हणजे हा नुसता मनाचा खेळ नाही.

चिनी लोकांना पुदिना फार जुना ठाऊक. इ.स. 659 मध्ये तांग राजवटीत सरकारी आज्ञेने एक औषधग्रंथ तयार झाला, त्यात पुदिना आहे. त्यांच्या भाषेत त्याला 'बोहे' म्हणतात. पुढे एकोणिसाव्या शतकात चिनी वैद्यांचं एक कुटुंब रंगूनला जाऊन राहिलं आणि तिथे मेंथॉल, कापूर, लवंगतेल घातलेलं मलम बनवू लागलं. तेच जगभर 'टायगर बाम' म्हणून गेलं. त्यात वाघाचं काही नाही, नाव फक्त त्या घरातल्या मुलाच्या, वाघ या अर्थाच्या, नावावरून आलं. आपल्या मुंबईतही 1893 मध्ये काशीनाथुनि नागेश्वरराव या आंध्रातल्या गृहस्थांनी अमृतांजन सुरू केलं. पिवळ्या मलमाची ती बाटली तुमच्या पणजीच्या उशाशी असायची.

वाघाचं नाव निघालं म्हणून सांगतो, आणि हे मी रागाने सांगतोय. चिनी औषधांच्या नावाखाली वाघांची हाडं खरोखर विकली गेली. संधिवाताला बरी म्हणून. त्यापायी आपल्या जंगलांतले वाघ मारले गेले. चीनने 1993 मध्ये वाघाच्या हाडांच्या आणि गेंड्याच्या शिंगांच्या व्यापारावर बंदी घातली, तरी चोरटा व्यापार राहिलाच. गेंड्याचं शिंग म्हणजे तुमच्या नखांत असतं तेच केराटिन. वाघाच्या हाडात असं काही नाही, जे दुसऱ्या कुठल्या हाडात नाही. परंपरा जुनी आहे म्हणून ती सगळी खरी असं मानायचं नसतं, पोरांनो. आणि ती जुनी आहे म्हणून सगळी खोटी, असंही नाही. एकेक गोष्ट घ्यायची आणि तपासायची. ती कशी तपासतात, याची एक सुंदर गोष्ट इथे, लखनऊशीच जोडलेली आहे. ती सांगतो, पण आधी धाकटीच्या कोपराकडे बघू.

सकाळी पंपाच्या कठड्यावर कोपर आपटलं तेव्हा काय केलंस? चोळलंस. कुणी शिकवलं नव्हतं. स्पर्शाची बातमी नेणारे मज्जातंतू जाड असतात, ते सेकंदाला चाळीस-पन्नास मीटर वेगाने निरोप नेतात. ठणक्याची बातमी नेणारे बारीक, ते सेकंदाला जेमतेम एक मीटर. दोन्ही मज्जारज्जूत एकाच ठिकाणी येतात. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असं मांडलं, की स्पर्शाची बातमी तिथे पोचली की ठणक्याच्या बातमीची वाट अडते. त्याला 'गेट कंट्रोल' सिद्धांत म्हणतात. त्यातले तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली.

आणखी एक वाट आहे. एका दुखण्याला दुसऱ्या दुखण्याने दाबायची. आपल्या गावाकडे गुडघा धरला की बिब्बा लावायचे. बिब्बा, काजू आणि हा आंबा एकाच कुळातले, म्हणून मी चीक डोळ्यांना लावू नका म्हटलं. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. नवीन, झोंबणारी कळ उठली की मेंदूच्या खालच्या भागातून मज्जारज्जूकडे हुकूम जातो आणि जुन्या ठणक्याची बातमी मंदावते. पण फोड चिघळतात, व्रण राहतात. तुम्ही कधीही करू नका, आणि कुणी करत असेल तर थांबवा.

सुई टोचण्याचा चिनी उपाय याच वाटेवरचा आहे, पण किती नाजूक! अॅक्युपंक्चरची सुई भरीव असते, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. जाडी पाव मिलिमीटर. नीट टोचली तर रक्ताचा थेंबही येत नाही, जड-जड, भरून आल्यासारखं वाटतं.

ही विद्या भारतात कशी आली, त्यात आपल्या सोलापूरचा एक धागा आहे. 1938 मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलेलं असताना काँग्रेसने पाच डॉक्टर तिकडे पाठवले. अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालचे बसू व मुखर्जी. कोटणीस तिथेच राहिले. रणांगणावर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. त्यांचे सोबती बिजयकुमार बसू परत आले, पण 1950 च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं. एका युद्धात जखमींसाठी गेलेली माणसं, आणि त्यांच्या मैत्रीतून ही सुई इकडे आली. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आज महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदाच आहे.

सुईने काय होतं? जुने चिनी वैद्य म्हणत, शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते, ती अडली की दुखतं. शवविच्छेदनात अशा वाहिन्या कुणाला सापडलेल्या नाहीत. पण 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून अफूसारखं काम करणारी द्रव्यं वेगळी काढली. आपलं शरीर स्वतःच वेदनाशामक बनवतं! दोनच वर्षांनी असं दिसलं, की अफूचा परिणाम उलटवणारं औषध दिलं तर सुईने मिळालेला आरामही ओसरतो. पुढे 2010 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुई टोचलेल्या जागी अॅडिनोसिन नावाचं द्रव्य वाढलेलं सापडलं. तेही वेदनेची बातमी मंदावतं.

मग जर्मनीत एक मोठी परीक्षा झाली. तिचे आकडे 2007 मध्ये छापून आले. कंबरदुखीचे 1,162 रुग्ण घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला ग्रंथांत सांगितलेल्या जागी सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या 47.6 टक्के लोकांना आराम होता, दुसऱ्यातल्या 44.2, तिसऱ्यातल्या 27.4. आता सांगा, यातून काय कळलं? मोठा म्हणतो, सुई खरी, जागा खोटी. बऱ्यापैकी बरोबर! सुई टोचणं, कुणी तरी वेळ देऊन अंगाला हात लावणं, बरं वाटेल अशी आशा, या सगळ्यांचा मिळून आराम होता. जागा नेमकी कुठली, याला फार महत्त्व उरलं नाही. चाचणी अशी करावी लागते, आवडत्या गोष्टीचीसुद्धा.

आता ती लखनऊची गोष्ट. ही औषधाची आहे, दुखण्यापेक्षा तापाची, पण मी ती सोडणार नाही, कारण चिनी वैद्यकातून जगाला मिळालेली सगळ्यांत मोठी देणगी हीच.

जोतिबाला दवणा वाहतात, आठवतंय? चैत्रात वाडी रत्नागिरीला गेलो होतो तेव्हा सगळ्या डोंगराला त्याचा वास होता. दवणा हा आर्टेमिसिया. त्याच्या चिनी भावंडांपैकी एकाची वाळलेली पानं गुंडाळून पेटवतात आणि दुखऱ्या जागेजवळ शेक देतात. दुसऱ्या भावंडाचं नाव 'छिंगहाव', आर्टेमिसिया अॅनुआ. दिसायला शेपूच्या गड्डीसारखं, बारीक चिरलेल्या पानांचं. इ.स. चौथ्या शतकात गे होंग नावाच्या चिनी पंडिताने हाताशी ठेवायचं औषधांचं एक पुस्तक लिहिलं. त्यात थंडी-तापावर एक उपाय आहे. मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि तो रस प्यायचा.

सोळाशे वर्षांनी, व्हिएतनामच्या युद्धात, गोळ्यांपेक्षा मलेरियाने जास्त सैनिक आजारी पडू लागले. जुन्या औषधाला, क्लोरोक्विनला, परजीवी दाद देईना. 23 मे 1967 रोजी चीनने गुप्त मोहीम सुरू केली. तारखेवरूनच तिचं नाव पडलं, प्रकल्प 523. त्यात तू योयो या संशोधक बाईंचा गट होता. त्यांनी दोन हजारांवर जुने नुस्खे चाळले, सुमारे दोनशे वनस्पतींचे 380 अर्क काढून उंदरांवर बघितले. छिंगहाव एकदा चांगला ठरे, पुढच्या वेळी फुसका. तेव्हा बाईंनी गे होंगचं पुस्तक पुन्हा उघडलं. आणि त्यांच्या लक्षात आलं, की यात उकळायला सांगितलेलंच नाही! चिनी वैद्यकात बहुतेक औषधं उकळून काढा करतात. गे होंग फक्त भिजवून पिळायला सांगतो. म्हणजे उष्णतेने औषध नासत असेल तर? त्यांनी ईथर घेतलं. ते 35 अंशांनाच उकळतं, त्यामुळे सगळं काम कमी उष्णतेत होतं. ऑक्टोबर 1971 मध्ये 191 क्रमांकाचा अर्क उंदरांना दिला. परजीवी सगळेच्या सगळे मेले. माणसांना देण्याआधी तू योयो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो स्वतः घेतला. 1972 मध्ये त्यातलं शुद्ध द्रव्य मिळालं, आर्टेमिसिनिन. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती.

हे द्रव्य मारतं कसं, ते ऐका. त्याच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना धरून असतात, पण ती जोडी लोखंड भेटलं की तुटते. मलेरियाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो आणि त्यात लोखंड मोकळं होतं. म्हणजे त्याने जितकं जास्त खाल्लं, तितकं ते औषध त्याच्याच पोटात फुटतं! आणि छिंगहावही ते साठवतो कुठे? पानावरच्या केसांत. त्याच्या ग्रंथीत दहा पेशी दोन रांगांत उभ्या असतात. पुदिना कुठला, छिंगहाव कुठला, कुळं वेगळी, पण युक्ती तीच.

आता इथे या. 1951 मध्ये गोमतीकाठी छत्तर मंजिलमध्ये, नवाबांच्या जुन्या महालात, केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली. तिने आणि सीमॅपने मिळून आर्टेमिसिनिनपासून आर्टीथर नावाचं इंजेक्शन बनवलं, आणि मुंबईच्या एका कंपनीने 1990 च्या दशकात ते बाजारात आणलं. बेशुद्ध पडलेल्या, गोळी गिळू न शकणाऱ्या मलेरियाच्या रुग्णांसाठी ते वापरात आलं. पण चांगल्या वाणाच्या शंभर किलो वाळलेल्या पानांतही आर्टेमिसिनिन जेमतेम एक किलोच्या आसपास निघतं. म्हणून सीमॅपने 'जीवनरक्षा', 'सिम-आरोग्य' अशी वाणं काढली आणि उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी ती लावली. 2010 पासून आपल्या देशभर मेंदूपर्यंत जाऊ शकणाऱ्या मलेरियावर आर्टेमिसिनिन असलेली जोडगोळी हाच पहिला इलाज आहे. गडचिरोलीच्या जंगलात एखाद्या आशाताईच्या पिशवीत जी गोळी असते, तिच्यात दवण्याच्या त्या चिनी बहिणीचा वाटा असतो.

आणि याच चिनी औषधांत अॅरिस्टोलोकिया नावाची एक वेलही आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायला ती दिली गेली आणि शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. झाडपाला आहे, अपाय काय होणार, असं म्हणणाऱ्या माणसाला ही गोष्ट जरूर सांगा.

कंटाळलात? मग उभे राहा. आता हात-पाय हलवायची गोष्ट आहे.

1973 मध्ये चीनमध्ये मावांगदुई इथे एक थडगं उकरलं. ते इ.स. पूर्व 168 चं. त्यात रेशमावर काढलेलं एक चित्र निघालं. चव्वेचाळीस माणसं व्यायाम करताहेत, बाया, पुरुष, म्हातारे, तरुण, कुणी झब्ब्यात, कुणी उघडे. काही हालचालींजवळ प्राण्यांची नावं लिहिलेली. नंतर इ.स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा ह्वा थ्वो नावाचा वैद्य, त्याच्या नावावर पाच प्राण्यांचा खेळ सांगतात. वाघ, हरीण, अस्वल, माकड, पक्षी. आपल्याकडे भुजंगासन, मार्जारासन, मयूरासन आहेतच, आणि औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळाशाळांतून सूर्यनमस्कार नेले. पण चिन्यांच्या ताईचीचं वैशिष्ट्य तिचा संथपणा. सतराव्या शतकात हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात ती घडली असं मानतात. मूळ ती मारामारीची विद्या. 2020 मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात घेतलं.

संथ हालचालीने गुडघा का सुधारावा? गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिनी नाही. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून. वजन पडलं की स्पंज दाबल्यासारखं पाणी बाहेर, वजन सुटलं की आत. म्हणून नुसतं बसून राहिलेला गुडघा उपाशी राहतो. ताईचीत एका पायावरचा भार दुसऱ्यावर हळूहळू सरकवतात. त्यामुळे कूर्चेला खाद्य मिळतं, मांडीच्या स्नायूंना काम मिळतं, आणि स्नायूंत, सांध्यांत बसलेले जे तंतू मेंदूला 'पाय कुठे आहे' हे सांगतात, त्यांनाही सराव होतो. म्हातारपणी पडणं कमी होतं ते त्यामुळे.

याचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेत बोस्टनला गुडघेदुखीच्या 204 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा ताईची, दुसऱ्याला फिजिओथेरपी. 2016 मध्ये निकाल आला. दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं, आणि ताईची करणाऱ्यांची उदासी जास्त ओसरली. फिजिओथेरपीची बरोबरी ही काही लहान गोष्ट नाही. सुईपेक्षा, मलमापेक्षा माझा भरवसा या तिसऱ्या उपायावर जास्त आहे, हे उघड सांगतो. मलम बातमी थांबवतं. चालता-फिरता स्नायू बिघाडालाच हात घालतो.

चला, आजीला बोलवा, तिच्यापासून सुरू करू. अस्वल करू या, ते सगळ्यांत सोपं. पाय खांद्यांएवढे फाकवा. गुडघे किंचितच वाकवा, पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. आता सगळं वजन उजव्या पायावर, श्वास घेत, अगदी सावकाश. डावी टाच हलकी झाली की थांबा. मग श्वास सोडत डावीकडे. हात सैल, मान सरळ, समोर बघा. आजीने खुर्ची हाताशी ठेवायची, आणि गुडघ्यात टोचलं तर वाकणं कमी करायचं, थांबायचं नाही. धाकटे, गुरगुरायचं असेल तर गुरगुर, पण पाय उचलून आपटू नकोस.

आधी उजवीकडे, मग डावीकडे, दहा वेळा. मी मोजतो.